माइनक्राफ्टमधल्या नेदराइटच्या संचाला 64 डायमंड का लागतात? गेममधल्या मटेरियलचं गणित

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर देशभर बंदी आली. तेव्हापासून बऱ्याच आईवडिलांच्या मनात एक शंका घर करून आहे. पोरगा दिवसभर मोबाइलवर ‘मटेरियल गोळा करतोय’ म्हणतो, तेही त्यातलंच काही आहे का? नागपुरात उन्हाळ्याच्या सुटीत ही शंका जास्तच बोचते. बाहेर पारा 45 च्या घरात, दुपारी कूलरसमोरून हलायची सोय नाही, आणि मानेवाड्यापासून जरीपटक्यापर्यंत कुठल्याही फ्लॅट स्कीममध्ये पोट्टे तासन्तास खाण खोदत, राक्षस मारत, दगड वेचत बसलेले.

बहुतेक वेळा हा जुगार नसतो. पण कुठे नसतो आणि कुठे त्याच्या अगदी शेजारी जाऊन उभा राहतो, हे कळायला आधी मटेरियलचा व्यवहार समजून घ्यावा लागतो. तो समजला की खेळणाऱ्याचाही निम्मा वेळ वाचतो.

मटेरियल, अपग्रेड आणि फार्मिंग

गेममधलं तुमचं पात्र तलवार, चिलखत, कुदळ असलं काहीतरी वापरतं. ते पुढच्या पायरीवर नेणं म्हणजे अपग्रेड. त्यासाठी ठरलेल्या वस्तू ठरलेल्या संख्येनं द्याव्या लागतात, त्या वस्तू म्हणजे मटेरियल. आणि तेच मटेरियल मिळावं म्हणून एकच काम पुन्हा पुन्हा करणं याला फार्मिंग म्हणतात. या तीन शब्दांवर बहुतेक काम भागतं.

गेम बनवणाऱ्यांना हे लागतं कशाला? तलवार पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीची मिळाली तर पुढचे प्रदेश, पुढचे शत्रू यांना अर्थच उरत नाही. मटेरियलमुळे खेळाडूला नव्या जागी जाण्याचं कारण मिळतं. चांगल्या गेममध्ये अपग्रेडची यादी हीच वाट दाखवते: अमुक दगड हवा, तो अमुक खाणीत मिळतो, म्हणजे आधी तिथला राखणदार पाडायला हवा. वाईट गेममध्ये तीच यादी खेळाडूला नुसती अडवून धरते.

यादी शेवटाकडून वाचायची

माइनक्राफ्टचं उदाहरण घेऊ, कारण तो घरोघरी आहे आणि त्याचे आकडे पक्के आहेत. त्यातलं सर्वात वरचं साहित्य नेदराइट. समजा, तुम्हाला चिलखताचे चारही भाग, एक तलवार आणि एक कुदळ, असे सहा नग नेदराइटचे करायचे आहेत.

नेदराइटची वस्तू थेट बनत नाही. आधी ती डायमंडची बनवावी लागते, मग स्मिथिंग टेबलवर तिचं अपग्रेड होतं. प्रत्येक नगाला एक नेदराइट इंगट, म्हणजे लगड, लागतो. एका इंगटला चार स्क्रॅप आणि सोन्याचे चार इंगट. एक स्क्रॅप म्हणजे भट्टीत वितळवलेला एक एन्शंट डेब्री, हे एक दुर्मीळ खनिज. म्हणजे सहा नगांना 24 डेब्री आणि सोन्याचे 24 इंगट.

इथवर सगळ्यांच्या लक्षात येतं. खरी गोम पुढे आहे. जून 2023 मधल्या 1.20 आवृत्तीपासून प्रत्येक नगाला एक अपग्रेड टेम्प्लेट, म्हणजे साचा, लागतो आणि तो वापरला की संपतो. साचा नेदरमधल्या, म्हणजे गेममधल्या आगीच्या पाताळातल्या, बॅस्टियन नावाच्या पडक्या गढ्यांमध्ये पेट्यांत सापडतो. खजिन्याची खोली असलेल्या बॅस्टियनमध्ये तो नक्की असतो. एक मिळाला की त्याची नक्कल करता येते: तो साचा, सात डायमंड आणि एक नेदररॅक, म्हणजे नेदरमधला साधा दगड, दिलं की एकाचे दोन होतात. सहा साचे हवेत, एक सापडलेला आहे, म्हणजे पाच नकला आणि 35 डायमंड.

आता मूळ वस्तूंचे डायमंड धरा. शिरस्त्राण 5, छातीचं चिलखत 8, पायांचं 7, बूट 4, म्हणजे 24. तलवार 2, कुदळ 3. एकूण 29. त्यात साच्यांचे 35 मिळवले की बरोबर 64, म्हणजे पिशवीतला भरलेला एक पूर्ण ढीग. बहुतेक पोरं 29 डायमंड जमले की खाण सोडून नेदरमध्ये शिरतात, डेब्री शोधण्यात पुष्कळ वेळ घालतात आणि स्मिथिंग टेबलसमोर येऊन अडकतात. शेवटच्या वस्तूपासून मागे मागे येत हिशेब केला असता तर हे आधीच दिसलं असतं.

अडतं एकाच जिनसापायी

सांबारवडी करायची आहे (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर). बेसन आहे, खोबरं आहे, खसखस आहे, तेल तर आहेच. पण भर मे महिन्यात सांबारच मिळत नाही, मिळाला तर चिमूटभर जुडीला भलता भाव. अशा वेळी आणखी बेसन आणून काही उपयोग नाही. वड्या किती होणार ते सांबार ठरवतो.

गेमच्या प्रत्येक यादीत असा एक सांबार असतो. नवखा खेळाडू दिसेल ते गोळा करत सुटतो आणि पिशवी बेसनानं भरून टाकतो. जाणता खेळाडू आधी यादीत दुर्मीळ काय ते हेरतो आणि आपला वेळ तिकडे वळवतो, बाकीचं वाटेत आपोआप जमतं. नेदराइटच्या बाबतीत सोनं हे बेसन आहे, नेदरमध्ये ते भिंतीभिंतीत सापडतं. सांबार म्हणजे डेब्री आणि पहिला साचा.

एल्डन रिंग या गेममध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. तिथं साधं शस्त्र 25 पायऱ्या चढतं. दगडांच्या आठ प्रती आहेत आणि प्रत्येक प्रतीचे 2, 4 आणि 6 असे 12 दगड लागतात, म्हणजे 96, आणि शेवटच्या पायरीला एन्शंट ड्रॅगनचा एक खास दगड. खास शस्त्रांना मात्र दहाच पायऱ्या आणि पायरीला एकच सोम्बर दगड. सुरुवातीला चार-पाच साधी शस्त्रं थोडी थोडी वाढवणारा खेळाडू मधल्या प्रतीच्या दगडांपाशी हमखास अडकतो. एकाच शस्त्रावर भर द्यावा, आणि खाणींत आणि इतर काही जागी मिळणाऱ्या बेल बेअरिंग नावाच्या वस्तू राउंडटेबल होल्ड या तळावरच्या ट्विन मेडन नावाच्या दुकानदारणींना नेऊन द्याव्यात. त्या दिल्या की तेच दगड त्यांच्याकडून रून, म्हणजे गेममधलं चलन, मोजून हवे तेवढे विकत घेता येतात, वेचत फिरावं लागत नाही. मात्र एन्शंट ड्रॅगनचा दगड बेल बेअरिंगनं असा हवा तेवढा मिळत नाही. त्या गेमचा सांबार तो.

प्रत्यक्ष खोदताना काय चुकतं

पुन्हा माइनक्राफ्टकडे, कारण इथं बारकावे कामाचे आहेत. आपला जिल्हा मनसर-गुमगावच्या मँगनीज खाणींचा, खनिज ठरावीक थरातच मिळतं हे इथं कुणाला नव्यानं सांगायला नको. गेममध्येही तसंच आहे. 2021 च्या शेवटी आलेल्या 1.18 आवृत्तीपासून जग उणे 64 पर्यंत खोल गेलं आणि डायमंड खाली जावं तसे वाढत जातात. उणे 58 किंवा 59 ही पातळी बरी. त्याहून खाली तळाचा न फुटणारा बेडरॉक आडवा येतो. मोबाइलवर जगाच्या सेटिंगमध्ये ‘शो कोऑर्डिनेट्स’ सुरू केलं की पातळी डाव्या कोपऱ्यात दिसते, तीन आकड्यांतला मधला तुमच्या कामाचा.

गुहेत फिरून डायमंड शोधण्यापेक्षा बोगदा खणलेला बरा. 1.18 नंतर हवेला उघडे पडलेले डायमंड मुद्दामच कमी ठेवले आहेत, जास्त सापडतात ते दगडात गाडलेले. दोन ब्लॉक उंच मुख्य बोगदा काढायचा आणि त्याला दोन-दोन ब्लॉक सोडून आडव्या शाखा फोडायच्या, म्हणजे प्रत्येक भिंत कुठल्या ना कुठल्या शाखेतून दिसते. पायाखालचा ब्लॉक सरळ खाली कधीही खोदायचा नाही, या खोलीवर लाव्हाची तळी जागोजागी असतात. पाण्याची बादली हाताशी ठेवायची, लाव्हावर ओतलं की तो दगड होतो.

कुदळ कमीत कमी लोखंडाची हवी. दगडाच्या कुदळीनं डायमंडचा ब्लॉक फुटतो, पण हाती काहीच लागत नाही, आणि ही चूक सर्रास होते. कुदळीवर फॉर्च्यून 3 ही जादू असेल तर एका ब्लॉकमधून सरासरी 2.2 डायमंड निघतात, म्हणजे 64 साठी तीसेक ब्लॉक पुरतात. म्हणून पहिले तीन डायमंड कुदळीवर घालायचे, फॉर्च्यून मिळवायचा, आणि तोवर सापडलेले बाकीचे ब्लॉक न फोडता जागा टिपून ठेवायचे.

नेदरमध्ये नियम बदलतात. तिथं पाणी ओततच नाही, वाफ होऊन जातं, त्यामुळे बादली बिनकामाची. त्याऐवजी फायर रेझिस्टन्सचं औषध लागतं. साधं तीन मिनिटं टिकतं, त्यात रेडस्टोन नावाची भुकटी घातली की आठ. डेब्री सर्वात जास्त 15 च्या पातळीच्या आसपास मिळतो आणि त्याला कमीत कमी डायमंडची कुदळ लागते. फॉर्च्यूनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. पण डेब्री स्फोटानं फुटत नाही, आजूबाजूचा नेदररॅक मात्र उडतो, आणि नेदरमध्ये पलंग वापरायला गेलं की त्याचा स्फोट होतो. म्हणून जाणते खेळाडू बरेच पलंग घेऊन जातात, बोगद्याच्या टोकाला पलंग ठेवतात, आपल्या आणि पलंगाच्या मध्ये एक ब्लॉक आडोशाला लावतात आणि पलंगाला हात लावतात. लोकर आणि लाकूड स्वस्त, टीएनटी या स्फोटकाला लागणारी गनपावडर महाग, म्हणून पलंग.

बॅस्टियनमध्ये जाताना अंगावर सोन्याचा एक तरी भाग हवा, म्हणजे पिगलिन, तिथले डुकरासारखे रहिवासी, अंगावर येत नाहीत. पण त्यांच्या देखत पेटी उघडली किंवा सोनं फोडलं की ते बिथरतात, मग अंगावर सोनं असून उपयोग नाही. मेलात तर सामान जागीच पडतं आणि तुम्ही त्या भागात असताना पाच मिनिटांत नाहीसं होतं. लाव्हात पडलेले डायमंड जळतात, डेब्री आणि नेदराइट जळत नाही. त्यामुळे डायमंड घेऊन नेदरमध्ये जाण्यात काहीच शहाणपण नाही. ते घरच्या पेटीत ठेवून निघायचं.

‘5 टक्के’ म्हणजे वीस फेऱ्यांत एक नव्हे

काही गेममध्ये मटेरियल खाणीत नसतं, शत्रू मेल्यावर मिळतं, आणि तेही दर वेळी नाही. मिळण्याच्या शक्यतेला ड्रॉप रेट म्हणतात. सर्वात जास्त गैरसमज इथं होतो.

ड्रॉप रेट 5 टक्के असेल तर वीस फेऱ्या मारल्यावर वस्तू मिळायलाच हवी, असं वाटतं. तसं होत नाही. प्रत्येक फेरी नव्यानं सुरू होते, मागच्या फेरीशी तिचा संबंध नसतो. वीस फेऱ्या मारणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे 36 रिकाम्या हातानं परततात. नव्वद टक्के खात्री हवी असेल तर 45 फेऱ्यांची तयारी ठेवावी लागते. ड्रॉप रेट 2 टक्के असेल तर 114 फेऱ्यांची. ‘आता इतक्या मारल्या, पुढच्या फेरीत येणारच’ हा हिशेब चुकीचा, आणि रात्रीचे दोन वाजवणारा हिशेबही हाच.

काही गेम मात्र मागच्या अपयशांची नोंद ठेवतात आणि ठरावीक फेऱ्यांनंतर वस्तू नक्की देतात. त्याला पिटी म्हणतात. तुमच्या गेममध्ये ती आहे की नाही, हे सुरू करण्याआधी पाहून घ्यावं, कारण त्यावर सगळं गणित बदलतं.

आणखी एक बारकावा बरेचदा सुटतो. टक्केवारी नुसती पाहायची नाही, वेळेनं भागून पाहायची. एका जागी 5 टक्के शक्यता आहे पण फेरीला 20 मिनिटं लागतात. दुसऱ्या जागी 3 टक्केच, पण फेरी 8 मिनिटांची. तासाभरात पहिल्या जागी तीन फेऱ्या होतात, दुसऱ्या जागी साडेसात. सरासरी पहिल्या जागी तासाला 0.15 वस्तू पडते, दुसऱ्या जागी 0.225. कमी टक्क्यांची जागा दीडपट फायद्याची ठरली.

मॉन्स्टर हंटरमध्ये तर एकाच राक्षसाकडून वस्तू मिळण्याच्या वाटा अनेक आहेत. त्याचं डोकं फोडलं, शेपूट तोडून त्यातून कापून घेतलं, मारून सोललं किंवा जिवंत पकडलं, तर प्रत्येकाची टक्केवारी वेगळी. मॉन्स्टर हंटर वर्ल्डमध्ये राक्षसांच्या माहितीपुस्तकातच ती लिहिलेली असते. शेपटीतून मिळणारी वस्तू हवी असताना शेपूट न तोडता राक्षस पटकन मारणं म्हणजे फेरी फुकट. आणि तुटलेली शेपूट जमिनीवरून सोलून घ्यायला विसरणं, हे त्याहून जास्त वेळा घडतं.

वेळेला लावलेलं कुलूप

मोबाइलवरच्या फुकट गेममध्ये तुमची फार्मिंग करायची तयारी असूनही गेम थांबवतो. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये रेझिन नावाची शक्ती लागते. दर 8 मिनिटांना एक भरते, म्हणजे दिवसाला 180. साठा जास्तीत जास्त 200, आणि शून्यापासून तो भरायला 26 तास 40 मिनिटं लागतात. शस्त्राच्या मटेरियलची एक फेरी 20 रेझिनची. म्हणजे दिवसाला नऊ फेऱ्या, बस. साठा भरून वाहिला तर वरचं वाया जातं.

त्यातही कुठल्या शस्त्राचं मटेरियल कुठल्या वारी मिळणार हे ठरलेलं असतं, रविवारी सगळं मिळतं. एशिया सर्व्हरवर दिवस आपल्या घड्याळात रात्री दीडला बदलतो, त्यामुळे ‘रविवारी उठून करू’ हे चालतं, पण रविवारी रात्री जागून दीडनंतर बसलात तर सोमवार लागलेला असतो. खालच्या प्रतीचे तीन देऊन वरच्या प्रतीचा एक करता येतो. चार प्रती असल्यामुळे सर्वात वरच्या एकाला सर्वात खालचे 27 लागतात. म्हणून सर्वात खालच्या, हिरव्या प्रतीचा मोठा साठा पाहून हुरळून जाऊ नये.

मग सरळ पैसे देऊन का घेऊ नये?

एल्डन रिंगमध्ये हा प्रश्नच नाही, एकदा गेम घेतला की दगड पैशानं मिळत नाहीत. गेन्शिनमध्ये प्रायमोजेम, म्हणजे गेममधलं चलन, देऊन 60 रेझिन भरता येतं, पहिल्या वेळी 50 प्रायमोजेम, मग त्याच दिवशी भाव चढत जातो. हे प्रायमोजेम पैशानं घेता येतात. कुलूप त्यांनीच लावलं आणि किल्लीही तेच विकतात, हे लक्षात घेऊन ज्यानं त्यानं ठरवावं. बीजीएमआय या गोळीबाराच्या मोबाइल गेममधल्या अपग्रेड होणाऱ्या गन स्किनचं, म्हणजे बंदुकीच्या सजावटीचं, प्रकरण आणखी वेगळं. तिथं मटेरियल घालून बंदुकीचं दिसणं बदलतं, मारा वाढत नाही. ‘स्किन नाही म्हणून हरतो’ हे पोराचं म्हणणं आईवडिलांनी मान्य करू नये.

सर्वात जपून राहायचं ते नशिबावर चालणाऱ्या अपग्रेडपासून, आणि ते विकत मिळत असेल तर फारच. दक्षिण कोरियातलं नेक्सॉन या कंपनीचं प्रकरण इथं जाणून घ्यावं. तिच्या मेपलस्टोरी गेममध्ये क्यूब नावाची वस्तू पैशानं मिळते, ती वापरली की चिलखताचे जादा गुण नव्यानं, नशिबानं ठरतात. कंपनीनं 2010 च्या सप्टेंबरपासून खेळाडूंना हवे असलेले गुण येण्याची शक्यता न सांगता कमी केली. 2011 च्या ऑगस्टपासून काही जोड्यांची शक्यता तर चक्क शून्य केली. लोक न येणाऱ्या गोष्टीसाठी पैसे भरत राहिले. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या फेअर ट्रेड कमिशननं कंपनीला सुमारे 1,160 कोटी वॉन दंड केला, आणि 22 मार्च 2024 पासून कोरियात अशा वस्तूंची टक्केवारी जाहीर करणं कायद्यानं बंधनकारक झालं. बेल्जियमनं 2018 मध्येच काही गेममधल्या विकतच्या नशीब-पेट्यांना जुगार ठरवलं होतं.

तर हा जुगार आहे का?

आपल्या 2025 च्या कायद्याचा मुख्य निकष असा: पैसे किंवा तशीच किंमत असलेलं काही लावायचं, आणि त्या बदल्यात पैसे जिंकण्याची अपेक्षा ठेवायची. तो झाला ऑनलाइन मनी गेम, त्यावर बंदी. ई-स्पोर्ट्स आणि मनोरंजनाचे सोशल गेम यांची या कायद्यात वेगळी नोंद आहे. माइनक्राफ्टमध्ये डेब्री खणणारं पोर काहीच लावत नाही आणि त्याला पैसे मिळायचेही नाहीत, त्यामुळे ती शंका मनातून काढून टाकावी. नशिबाच्या पेटीवर पैसे घालणाऱ्यालाही गेमकडून पैसे परत मिळत नाहीत, वस्तूच मिळते. पण मनाला लागणारी चटक तीच असते, आणि कायद्यात बसलं म्हणून खिशाला झळ बसायची राहत नाही.

वेळ तर वाया जातोच ना?

जाऊ शकतो. ज्या फेरीत काही ठरवायचं नसतं, नुसतं बोट फिरवायचं असतं, ती फेरी थकवते आणि शिकवत काही नाही. उलट वर केला तसा 64 डायमंडचा हिशेब सातवीतल्या मुलाला कागदावर करायला लावा, तो गुणाकार, सरासरी आणि उलट्या क्रमानं आखणी हे तिन्ही आनंदानं करतो. फेऱ्यांची संख्या खेळायच्या आधी ठरवून कागदावर लिहावी. ‘वस्तू मिळेपर्यंत’ ही मर्यादा नव्हे, कारण 2 टक्क्यांच्या वस्तूला 114 फेऱ्या मारूनही दहातला एक जण रिकामाच राहतो.

‘फुकट डायमंड’ देणाऱ्या लिंक

मटेरियल कमी पडलं की पोरं शॉर्टकट शोधतात, आणि फसवणारे नेमके तिथं बसलेले असतात. ‘फुकट यूसी’, ‘फुकट डायमंड’, ‘अनलिमिटेड रेझिन’ अशा नावानं (यूसी म्हणजे बीजीएमआयमधलं चलन) येणारी लिंक एकतर लॉगिन मागते किंवा एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल, उतरवायला लावते. रेझिनचा आकडा कंपनीच्या सर्व्हरवर असतो, तुमच्या फोनमध्ये नाही, म्हणून फोनवरचं कुठलंही ॲप तो वाढवू शकत नाही. अशा एपीकेला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी परस्पर जातो.

घरचा फोन पोराच्या हातात देण्याआधी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीच्या पडताळणीसाठी ‘प्रत्येक वेळी’ हा पर्याय निवडा. यूपीआयचा पिन त्याला माहीत असू नये, आणि त्या ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडून कुठल्या गेमला महिन्याची परवानगी दिली गेली आहे का ते बघा. नको असेल तर तिथंच रद्द करता येते. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते.